सॅमभाऊंचं सुतक

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहराच्या शर्ली भागातल्या त्या गल्लीत त्यांना सगळे सॅम म्हणत. कौन्सिलच्या कागदांवर सॅम, बसच्या डेपोत सॅम. बायको मॉरीन होती तोवर तीही सॅमच म्हणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ झालं नाही. साउथहॅम्प्टनच्या मोठ्या हॉस्पिटलकडे जाणारी बस चालवण्यात उभं आयुष्य गेलं. आता लवकर घेतलेल्या निवृत्तीनंतर खिडकीत बसायचं आणि तीच बस उशिरा आली की उगाच जिवाला लावून घ्यायचं, एवढाच उद्योग उरला होता.

समोरच्या घरात राहणारी सुनेत्रा त्यांना बसमध्येच भेटली होती. कडेवरच्या लेकीला ती मराठीतून रागावत होती आणि ड्रायव्हरने पुढे बघतच सांगितलं होतं, "अहो, नका रागावू. पुढचाच स्टॉप तुमचा." सुनेत्रा इतकी चकित झाली की स्टॉप चुकला. तिचा नवरा परीक्षित हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. सॅम आजोबांचं जाणंयेणं तेव्हापासून सुरू झालं. "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाला ते "तिकडचेच, औरंगाबादच्या बाजूचे" म्हणत आणि विषय बदलत. पस्तीस-चाळीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला जास्त विचारू नये, असं सुनेत्राला वाटे.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात परीक्षितची आई, सुप्रभाबाई, औरंगाबादहून सहा महिन्यांसाठी आल्या. बाई बोलक्या. सॅम आजोबांचं त्यांनी पहिल्याच दिवशी "सॅमभाऊ" करून टाकलं. सर्वपित्री अमावास्या आली तेव्हा नवऱ्याचं पान वाढायचंच, असा त्यांनी हट्ट धरला. परीक्षितने अर्धी रजा टाकली. अळू मिळालं नाही म्हणून पालकाची पातळ भाजी, केळीचं पान लंडन रोडच्या दुकानातलं, गारठून काळं पडलेलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी सगळं झालं. अडलं ते ब्राह्मणापाशी.

सुप्रभाबाई रस्ता ओलांडून थेट सॅमभाऊंच्या दारात. "सॅमभाऊ, स्पष्टच विचारते. तुम्ही ब्राह्मण ना?"

सॅमभाऊ गोंधळले. "जन्माने होतो. पण मी काही पाळत नाही हो. जानवं कुठल्या समुद्रात गेलं तेही आठवत नाही. आणि काय काय खाल्लंय ते तुमच्यासमोर सांगवणार नाही."

"सांगूच नका. आमच्या ह्यांना तरी कुठे चालत नव्हतं? चला, हात धुऊन बसा."

ते बसले. परीक्षितने पायांवर पाणी घातलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. जेवण झाल्यावर मागच्या गवतावर वेगळं पान ठेवलं आणि सगळे दारात उभे राहून कावळ्याची वाट पाहू लागले. कावळा आलाच नाही. आला एक धिप्पाड सीगल. त्याने वडा उचलला, खीर सांडली आणि पान फाडून ठेवलं.

"हा कोण मेला पांढरा राक्षस!" सुप्रभाबाई ओरडल्या.

"आई, बाबा इकडे येऊन गोरे झाले असतील," परीक्षित म्हणाला.

सुनेत्रा हसता हसता खाली बसली. सुप्रभाबाईही हसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तिथे असं नाही हो व्हायचं. वेरूळचे आमचे दामोदरगुरुजी म्हणजे... त्यांनी हाक मारली की कावळा यायचाच."

सॅमभाऊंच्या हातात खिरीची वाटी होती. ती तशीच राहिली.

"वेरूळचे?" त्यांनी विचारलं.

"लेण्यांचं वेरूळ. आमचे पिढीजात उपाध्ये ते. माणूस सोन्यासारखा, पण नशीब बघा. थोरला मुलगा त्या हिप्पी लोकांच्या नादी लागला. मी नवी नवरी होते तेव्हा त्याने आम्हाला लेणी दाखवली होती. एवढासा आरसा घेऊन दारात उभा राहायचा आणि आत बुद्धाच्या तोंडावर ऊन पाडायचा. गोड पोरगा होता. शशी नाव. एक दिवस त्यांच्या गाडीत बसून गेला तो गेलाच."

"मग?" सुनेत्राने विचारलं.

"मग काय? पहिल्या वर्षात म्हणे एकदोन पत्रं आली. पुढे काही नाही. बारा वर्षं वाट पाहिली आणि गुरुजींनी पालाशविधी केला. म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. हरवलेल्या माणसाचं तसं करतात. दुसऱ्यांची किती केली होती त्यांनी. स्वतःच्या पोराचंही स्वतःच केलं, येळगंगेच्या काठी. एकही मंत्र चुकला नाही म्हणतात. पण त्यानंतर कुणाच्या अंत्यविधीला ते बसले नाहीत. गेले पुढे पाचसात वर्षांत."

"आणि आई?" सॅमभाऊंचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"आहेत ना! ऐंशी उलटली. डोळे गेलेत. धाकटा आता उपाध्येपण बघतो, तो आणि त्याची बायको शैला करतात त्यांचं. दर वर्षी शशीचं पान वाढल्याशिवाय म्हातारी तोंडात पाणी घेत नाही. कावळा लगेच शिवतो म्हणे. म्हणतात, माझा शशी कध्धी अडून बसत नाही. अहो सॅमभाऊ, खीर थंड होतेय."

सॅमभाऊंनी वाटी खाली ठेवली आणि घरी गेले. बरं वाटत नाही, एवढंच म्हणाले.

* * *

घरी येऊन ते खुर्चीत बसले. दिवा लावला नाही. चोवीस वर्षांपूर्वी आपण मेलो आणि आपल्याला पत्ताही नाही! त्या साली काय करत होतो आपण? मॉरीनबरोबर बोर्नमथच्या वाळूत आइस्क्रीम खात असू, नाहीतर बसच्या संपात उभे असू. आणि तिकडे बाबा पळसाची पानं एकेक करून मांडत होते. हात कुठले, पाय कुठले.

शशी सोळा-सतरा वर्षांचा असताना वेरूळला पहिली रंगीत गाडी आली होती. अहिल्याबाईंच्या कुंडाजवळच्या आमराईत ती उभी राहिली आणि सगळं गाव बघायला लोटलं. गळ्यात मणी, अनवाणी पाय, पोरींचे केस मोकळे आणि पोरांचे पोरींहून लांब. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, हे रावणाकडचे. शशीला मात्र ते देवाकडचे वाटले. सुताराची झोपडी म्हणतात त्या लेण्यात तो आरशाने उजेड पाडायचा, तेव्हा बाकीचे पाहुणे फोटो काढून चार आणे देऊन निघून जायचे. हे लोक तिथेच मांडी घालून बसायचे. त्याचा हात भरून येईपर्यंत बुद्धाच्या तोंडाकडे बघत राहायचे. एकदा एकजण उठला, शशीच्या हातातला आरसा घेतला आणि म्हणाला, "आता तू बस. मी उजेड धरतो." शशीने जन्मात पहिल्यांदा ते तोंड नीट पाहिलं. रोज उजेड पाडणारा तोच, पण दारातून त्याला आतलं कधी दिसलंच नव्हतं.

तो आरसा धरणारा कॉलिन. त्याच्याबरोबर जेनी. दोघं साउथहॅम्प्टनची, पाव पोचवायच्या जुन्या गाडीतून आलेली. शशिकांत म्हणता येईना म्हणून त्यांनी त्याचा सॅम केला. विसाव्या वर्षीच्या त्या हिवाळ्यात शशी घरी फक्त झोपायला जायचा. रात्री गिटार, शेकोटी, कुणी इराणचं सांगतंय, कुणी काबूलचं. गावात पाणवठे वेगळे होते, पंगती वेगळ्या होत्या, आणि इथे एकाच भांड्यातला भात सगळे हाताने खात होते. जग असंच होणार आहे, आणखी चारपाच वर्षांत सगळीकडे असंच होणार, असं कॉलिन सांगायचा आणि शशीला ते दिसायचं. गाडीच्या अंगावर त्याने कैलास लेण्यातला हत्ती रंगवून दिला होता. पिवळा हत्ती, निळी सोंड.

बाबा म्हणाले होते, "घर सोडायचं तर संन्यास घ्यावा लागतो. गिटार नाही."

आई त्या लोकांवर कधी चिडली नाही. जेनी ओसरीवर बसून तिच्याकडून वाती वळायला शिकली. आई तिला भाकरी आणि ठेचा द्यायची आणि ती डोळ्यांत पाणी आणून खायची. एकदा तिच्या लाल केसांना तेल लावता लावता आई म्हणाली होती, "विचार रे हिला, हिची आई कुठाय? कशी झोप लागत असेल त्या माउलीला?" शशीने ते जेनीला सांगितलं नव्हतं. इंग्रजीत कसं सांगायचं ते कळलं नव्हतं.

निघायच्या सकाळी आईने तव्यावर थालीपीठ लावलं होतं. कॉलिन आमराईत हॉर्न वाजवत होता. दिवाळीपर्यंत येतो, असं शशी बोलून गेला. "अरे, खाऊन तरी जा. झालंच आता," आई आतून म्हणाली. तो थांबला नाही.

लाहोर, काबूल, तेहरान, इस्तंबूल. वाटेत दोनदा आजारी पडला, एकदा सगळ्यांनी मिळून त्याला उचलून नेलं. तितकं सुख पुन्हा कधी मिळालं नाही, हे आता सत्तावन्नाव्या वर्षी अंधारात बसून कबूल करायला हरकत नव्हती. साउथहॅम्प्टनला पोहोचल्यावर दोन वर्षांत सगळं विरघळलं. कॉलिनने केस कापले आणि घरं विकायच्या ऑफिसात लागला. जेनी कुठे उत्तरेला निघून गेली. हत्तीची गाडी भंगारात गेली तेव्हा सॅम एकटाच बघायला गेला होता. घरी दोन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही, किंवा येईपर्यंत खोली बदललेली असायची. तिसरं लिहायला बसला की काय लिहायचं? सगळं जग एक झालं, असं? की मी इथे बस धुतो, असं? काहीतरी बरं झालं की लिहू म्हणता म्हणता वर्षं गेली. मग मॉरीन, मग घर, मग वाटलं, आता आईबाबा नसतीलच. असं मानून टाकणं सोपं होतं.

आणि आई होती. आजही होती.

* * *

सकाळी त्यांनी सुप्रभाबाईंकडून वेरूळच्या गुरुजींच्या घरचा नंबर मागून घेतला. ओळखीतल्या कुणाला काही विधी करायचाय, असं सांगितलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनकार्ड आणलं. तीनदा नंबर अर्धा फिरवून ठेवला. चौथ्यांदा पलीकडून आवाज आला, "बोला, कोण?"

आवाज हुबेहूब बाबांचा.

"अहो कोण? विधीचं असेल तर लवकर बोला. घरात आजारपण आहे."

"बाळू, मी दादा."

"कोण दादा?"

"शशीदादा. इंग्लंडमधून बोलतोय. तू सात वर्षांचा होतास. माझा आरसा तू कुंडाच्या पायरीवर फोडलास, आणि मी बाबांना सांगितलं की माझ्याच हातून पडला."

बाळू अगदी हळू म्हणाला, "दादा, आता रे कशाला?"

सॅमभाऊ नुसतं "आई, आई" म्हणत राहिले.

"आईने चार दिवसांपासून अन्न सोडलंय," बाळू म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता काही करू नका."

"मी येतो."

"कधी?"

इथे सॅमभाऊ अडकले. पासपोर्टची मुदत संपून किती वर्षं झाली होती. नवा पासपोर्ट, मग लंडनला जाऊन व्हिसा, मग तिकीट. काही आठवडे तरी.

"तेवढी नाही थांबायची ती," बाळू म्हणाला.

"मग माझा नंबर लिहून घे आणि फोन तिच्या कानाला लाव. बाळू, तुझ्या पाया पडतो. एकदा तिला कळू दे मी आहे. एवढंच. बाकी मला काही नको."

"कसं सांगू तिला? चोवीस वर्षं तुझं पान वाढतेय ती. दादा, तुझा दाह झालाय. मी स्वतः तिथे उभा होतो. परत आलेल्याचं काय करायचं तेही शास्त्रात आहे. तुपाने न्हाऊ घालून जातकर्मापासून पुन्हा करायचं, पुन्हा बारसं करायचं. बाबा म्हणायचे, आला तर मीच करीन त्याचं बारसं. डबाभर तूप वेगळं ठेवायचे दर वर्षी. आम्हाला खाऊ नाही दिलं. बाबा गेल्यावर आईने ते देवापुढे जाळलं."

सॅमभाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लाव फोन," ते म्हणाले. "लाव रे."

खुडबुड झाली. मागे बाईचा आवाज, बहुधा शैलाचा, "अहो, नका ना, घाबरतील त्या." मग कानाजवळ एक बारीक, कोरडा श्वास.

"आई," ते म्हणाले. "मी शशी."

अगदी खोल विहिरीतून आल्यासारखा आवाज. न घाबरलेला. थोडा दमलेला.

"शशी? काय राहिलं रे बाळा तुझं?"

"आई, मी जिवंत आहे गं. इंग्लंडात आहे. मी मेलो नाही."

"असंच वाटतं रे गेलेल्याला," आई समजुतीने म्हणाली. "हे म्हणायचे ना, जिवाला कळत नाही आपण गेलो ते. घुटमळत राहतो. कशात अडकलास? सांग मला. आता मीही निघाले. मागे कोण वाढणार तुला?"

"आई, खरंच सांगतो..."

"रडू नकोस. काय इच्छा राहिली तेवढं सांग. सांगितल्याशिवाय कसं कळेल मला?"

सॅमभाऊंना ओरडायचं होतं. माझा पगार आला, माझे दात पडले, मला चष्मा लागला, मी घर घेतलं, मी जिवंत आहे. पण हे सगळं सांगितलं तरी तिला काय कळणार होतं? एका बाजूला श्वास मोजत पडलेली म्हातारी, आणि तिच्या हातात द्यायला त्यांच्याकडे एवढ्या वर्षांची काही खूण नव्हती. कार्डावरची मिनिटं संपत आली, असं बाईचा इंग्रजी आवाज मध्येच सांगून गेला.

"थालीपीठ," ते म्हणाले. "त्या दिवशी तू थालीपीठ लावलं होतंस. मी न खाता गेलो."

"अगं बाई, ते होय!" आईचा आवाज एकदम हलका झाला. हसली की काय कोण जाणे. "मला वाटलंच होतं. उद्या वाढते हो. लोणी घालते वर. मग मात्र जा बाळा. अडून बसू नकोस."

फोन तुटला.

* * *

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं कार्ड आणलं, पण फोन लावायचा धीर झाला नाही. बाळूचाच फोन आला, तिसऱ्या दिवशी सकाळी.

"आईने शैलाला थालीपीठ लावायला लावलं," तो सांगत होता. "आम्ही खुर्चीसकट परसात नेलं तिला. कावळ्याने लगेच नेलं. मग म्हणाली, झालं, माझा शशी सुटला. उरलेल्यातला तुकडा लोण्याशी खाल्ला. आज पहाटे गेली. त्रास काही झाला नाही."

"मला तिची..." सॅमभाऊंनी सुरुवात केली, पण पुढे काय मागायचं तेच कळेना. "मला सुतक आहे ना बाळू? दहा दिवस?"

बाळू दुष्ट नव्हता. त्याचा आवाज रडून बसला होता. "दादा, मी काल रात्री बाबांच्या पोथ्या काढून बसलो होतो. बारसं झाल्याशिवाय तू आमचा कुणी लागत नाहीस रे. गेलेल्याला सुतक नसतं. मी काय करू? तूच सांग."

सॅमभाऊंनी फोन ठेवला. घरात सगळं जागच्या जागी होतं. मॉरीनचा फोटो, डेपोने दिलेलं घड्याळ. ती वारली तेव्हा तिच्या देशाच्या रीतीने शेजाऱ्यांनी सांत्वनाची कार्डं टाकली होती, चर्चमधली माणसं आली होती. आज काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. चहा करायचा की नाही? दाढी करायची की नाही? मुलगा म्हणून रडायचं, तर तो मुलगा येळगंगेच्या काठी राख झालेला. बसमधला सॅम म्हणून रडायचं, तर सॅमची ती कोण होती? तासभर ते स्वयंपाकघराच्या दारात उभेच होते. मग तसेच सपाता घालून रस्ता ओलांडून गेले.

सुप्रभाबाईंनी दार उघडलं.

"सुप्रभाताई, एक विचारायचं होतं. ज्याचा पालाशविधी झालाय, त्याला आईचं सुतक लागतं का?"

बाई काहीतरी पटकन बोलायला गेल्या आणि सॅमभाऊंच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कपाळ, नाक, पुन्हा डोळे. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"मला माहीत नाही," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि आत वळल्या. दार तसंच अर्धवट उघडं राहिलं. सॅमभाऊ थोडा वेळ थांबले. कुणी आलं नाही तेव्हा परतले. इथेही आपण घाबरवलंच, असं त्यांना वाटलं. आता हेही घर गेलं. खुर्चीत बसून त्यांनी समोरची बस दोनदा येताना पाहिली. वेळेवर आली की उशिरा, हे बघितलं नाही.

दुपारी दार वाजलं. ते उठले नाहीत. पुन्हा वाजलं, यावेळी मुठीने.

"शशी, दार उघड. भांडं पोळतंय मला."

दारात सुप्रभाबाई होत्या. पदरात गुंडाळलेलं पातेलं, त्यावर झाकण. डोळे सुजलेले. आत येऊन त्यांनी पातेलं टेबलावर ठेवलं, कपाट उघडून ताट शोधलं आणि झाकण काढलं. पिठलं-भात. ज्या घरी माणूस गेलेलं असतं, त्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारच्यांनी आणून घालायचं असतं. ते कुणालाही नाही घालत.

"दहा दिवस मी आणीन," त्या म्हणाल्या. "शास्त्राचं मला कळत नाही. बैस."

शशी बसला. पहिला घास कालवून तो हातात धरून राहिला. बाईंनी घाई केली नाही. समोरच्या खुर्चीत बसून त्या खिडकीतून बाहेर, रस्त्याकडे बघत राहिल्या.